माहिती फुटली, भरपाई कुठे मागायची? नाशिकमधल्या एका फायलीवरून

‘तुमचा डेटा लीक झाला’ एवढ्या कारणावर आपल्याकडे कुणी छदाम देत नाही. भरपाईसाठी आमच्याकडे कागद घेऊन येणाऱ्याला पहिल्याच बैठकीत हे सांगावं लागतं, कारण बहुतेकजण ‘अडीचशे कोटींचा दंड’ कुठेतरी वाचून आलेले असतात. आकडा खोटा नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र तो जमा होतो भारताच्या संचित निधीत. ज्याचे कागद चव्हाट्यावर आले त्याच्या खात्यात त्यातला रुपयाही येत नाही, तशी तरतूदच त्या कायद्यात नाही.

पैसे मागता येतात ते माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३-अ खाली, नाहीतर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली. नव्या कायद्याने ४३-अ वगळलं आहे खरं, पण नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेनुसार ते वगळणं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अमलात येणार. तोवर कलम जिवंत आहे. ज्याची फाइल तयार आहे त्याने नव्या कायद्याची वाट बघत बसू नये, त्या वाटेवर भरपाई नाहीच.

दोन्ही दारांवर विचारणा एकच होते. माहिती फुटली का, समोरच्याने हलगर्जी केली का, आणि त्या हलगर्जीमुळे तुमचं काय गेलं? पहिल्या दोन प्रश्नांवर लोक पानंच्या पानं लिहून आणतात. दावा पडतो तो तिसऱ्यावर.

नाशिकरोडच्या एका ताईंची फाइल समोर ठेवतो, ओळख पटेल असं सगळं काढून. एका खासगी लॅबमध्ये १,८०० रुपयांचं रक्ततपासणीचं पॅकेज केलं. रिपोर्ट एसएमएसमधल्या लिंकने आला. लिंकच्या शेवटी सहा आकडी अनुक्रमांक, पासवर्ड नाही, ओटीपी नाही. अकराव्या दिवशी फोन आला: ‘ताई, तुमची तीन महिन्यांची साखर ८.९ आलीये ना? लॅबकडूनच बोलतोय.’ मग डायबेटिसच्या सल्ल्याचं पॅकेज, त्यासाठी एक अ‍ॅप डाउनलोड करायला लावलं, ओटीपी वाचून घेतला आणि बचत खात्यातून दोन व्यवहारांत ६८,४०० रुपये गेले.

लॅबचा पहिला बचाव ठरलेला असतो: माहिती आमच्याकडूनच गेली कशावरून? आज एकाच माणसाचा पॅन, पत्ता, मोबाइल किमान दहा ठिकाणी पडलेला असतो, त्यामुळे हा प्रश्न फालतू नाही. या फायलीत उत्तर मिळालं ते लॅबच्याच चुकीतून. काउंटरवर नोंद करताना आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं आणि वय ४५ चं ५४ झालं होतं. फोन करणाऱ्याने तेच चुकीचं आडनाव उच्चारलं आणि ‘चोपन्नव्या वर्षी काळजी घ्यायला हवी’ असंही म्हणाला. आधारवर, बँकेत, मतदार यादीत आडनाव आणि वय दोन्ही बरोबर. ती चूक जगात एकाच ठिकाणी होती. ताईंच्या फोनमध्ये कॉल रेकॉर्डिंग आपोआप होत होतं, म्हणून हे कागदावर आणता आलं.

म्हणून कुठलीही फाइल आली की आम्ही आधी अशी खूण शोधतो. फसवणाऱ्याने जुना पत्ता सांगितला का, बंद केलेला मोबाइल नंबर सांगितला का, नावाचं स्पेलिंग कुठल्या कागदाशी जुळतं? जीमेल वापरणाऱ्यांसाठी एक सोपी सोय आहे. ईमेल देताना नावानंतर अधिकचं चिन्ह टाकून त्या दुकानाचं नाव जोडा. मेल तुमच्याच खात्यात येतो आणि उद्या त्याच पत्त्यावर भलत्याचा मेल आला तर पत्ता कुणी वाटला ते उघड होतं. आजार, बँक खातं, कार्ड, पासवर्ड, बोटांचे ठसे, लैंगिक कल यातलं काही फुटलं असेल तरच ४३-अ लागतं. त्या कलमाखालच्या २०११ च्या नियमांतली ‘संवेदनशील’ माहितीची यादी साधारण एवढीच आहे. नुसतं नाव, पत्ता, मोबाइल नंबर त्यात नाही. आणि समोरचा ‘बॉडी कॉर्पोरेट’ हवा. यात कंपनी येते, भागीदारी येते, एकट्याच्या मालकीचं दुकानही येतं, पण सरकारी दवाखाना किंवा महापालिकेचा विभाग येत नाही.

पुरावा गोळा करताना लोक हमखास एक घोडचूक करतात. लिंकच्या शेवटचा आकडा बदलून बघतात. दुसऱ्याचा रिपोर्ट उघडतो, त्याचा स्क्रीनशॉट काढतात आणि विजयी मुद्रेने दाखवायला आणतात. हे करू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याची माहिती उघडणं त्याच कायद्याच्या कलम ४३ मध्ये बसतं, आणि सामनेवाल्याचा वकील तो स्क्रीनशॉट तुमच्याविरुद्धच वापरतो. तुमचीच लिंक घ्या. ब्राउझरच्या खाजगी (इन्कॉग्निटो) विंडोत उघडा, कुणा परक्याच्या फोनवर उघडा, आणि कुठलाही पासवर्ड न मागता ती उघडते एवढं व्हिडिओत घ्या. घड्याळ आणि तारीख दिसू द्या. एवढ्याने काम भागतं.

मूळ फाइल जपणं हा दुसरा मुद्दा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला फोटो म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. तो दाबला जातो, त्यातली तारीख-वेळेची माहिती गळते आणि हॅश बदलतो. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा समजा. एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश ६४ अक्षरांचा असतो आणि फाइलमधलं एक टिंब बदललं तरी तो पूर्ण वेगळा येतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘सर्टयुटिल’ नावाचा प्रोग्रॅम आधीपासून असतो, त्याने तो काढता येतो. फोनमधली फाइल केबलने कॉम्प्युटरवर घ्या, हॅश काढा, वहीत तारखेसह लिहा, फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन तो लिफाफ्यात बंद करा. फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका. ईमेल असेल तर नुसता छापून चालत नाही. ‘शो ओरिजिनल’ वर जाऊन अख्खा मेल हेडरसकट, म्हणजे तो कुठून कसा आला त्या नोंदीसकट, डाउनलोड करायचा.

हे एवढं कशासाठी? भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब च्या जागी हे आलं. याचे दोन भाग असतात. ‘अ’ भाग फाइल देणाऱ्याने भरायचा, ‘ब’ भाग तज्ज्ञाने, आणि दोन्हींत हॅश लिहायचा. ‘ब’ भागावर सही करणारा माणूस शोधताना लोकांची दमछाक होते, म्हणून तो आधी गाठा. ग्राहक आयोगात साक्षीपुराव्याचे नियम काटेकोर लागत नाहीत हे खरं, तरी प्रमाणपत्र जोडाच. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र हवंच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पक्कं केलं ते जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादात, खोतकर-गोरंट्याल प्रकरणात. तेव्हा हा काही दिल्ली-बंगळुरूच्या लोकांचा विषय नाही.

पैसे गेले असतील तर वरचं सगळं नंतर, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. त्या पहिल्या तासाचं मोल पुढच्या सहा महिन्यांना येत नाही, कारण रक्कम पुढच्या खात्यात असेपर्यंतच ती गोठवता येते. तक्रार क्रमांक मिळतो, तो लिहून घ्या. शहरातल्यांनी आयुक्तालयाचं सायबर पोलिस ठाणं गाठायचं. निफाड, सिन्नर, मालेगाव, दिंडोरीकडच्यांनी ग्रामीणचं, ज्यांच्या अधीक्षकांचं कार्यालय आडगावला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या गुन्ह्याचा तपास पोलिस निरीक्षक दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, त्यामुळे जवळच्या ठाण्यात टोलवाटोलवी होते. तरी लेखी अर्ज देऊन पोच घ्याच. एफआयआर झाला म्हणून भरपाई मिळत नाही, पण त्याची प्रत भरपाईच्या दाव्यात लागते. ताईंचे २१,००० रुपये दुसऱ्या खात्यात अडकले होते. ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम ५०३ खाली न्यायालयात अर्ज करून परत मिळाले.

बँकेचं गणित वेगळं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्याच कुणाची असेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंत. त्यापुढे त्या त्या बँकेच्या धोरणाप्रमाणे. तक्रारीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात परत दाखवायची आणि नव्वद दिवसांत निकाल द्यायचा. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर. पण ओटीपी स्वतः वाचून दाखवला असेल तर तक्रार नोंदवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्या माथी. ताईंचं तेच झालं. बँकेकडून काही निघालं नाही आणि सगळा भार लॅबविरुद्धच्या दाव्यावर आला. ओटीपी दिल्याचं लपवू नका. पहिल्या कागदापासून लिहा, कारण बँकेच्या उत्तरात ते येणारच आहे.

तुमच्या पॅनवर कुणी कर्ज उचललं असेल तर अजून एक छोटा पण खात्रीचा रस्ता आहे. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही संस्था वर्षातून एक संपूर्ण अहवाल फुकट देतात. चुकीची नोंद दिसली की तक्रार टाका. कर्ज देणाऱ्या संस्थेला २१ दिवस आणि क्रेडिट संस्थेला धरून एकूण ३० दिवस मिळतात. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, २६ एप्रिल २०२४ पासून. बावन्नाव्या दिवशी दुरुस्ती झाली तर २२ दिवसांचे २,२०० रुपये. रक्कम मोठी नाही, पण इथे हलगर्जी-बिलगर्जी काही सिद्ध करावं लागत नाही. तारीख मोजायची आणि मागायचं.

आता लॅबला पत्र. हे पत्र पहिल्या आठवड्यात गेलं पाहिजे आणि त्यामागे एक सरळ कारण आहे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणेचे लॉग, म्हणजे कोण कधी कुठून आलं त्याच्या नोंदी, १८० दिवस जपायचे असतात. सहा महिन्यांनी जागं होऊन लॉग मागितले तर ‘मुदत संपली, पुसले’ हे उत्तर कायदेशीर ठरतं. तेव्हा पत्रातला पहिला परिच्छेद असा असतो: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माझ्या रिपोर्टची लिंक कुठून कुठून उघडली गेली त्याचे लॉग जपून ठेवा, वाद सुरू आहे, पुसल्यास त्याचा अर्थ तुमच्याविरुद्ध घेतला जावा अशी मागणी करू. नंतरचे प्रश्न थोडक्यात. काय काय फुटलं, कधी कळलं, सर्ट-इनला सहा तासांत कळवलं का, सॉफ्टवेअर कुणाचं, सुरक्षेचं ऑडिट कधी झालं?

पत्र कुणाच्या नावाने? इथेही फायली अडकतात. बोर्डावरचं नाव हे ब्रँडचं असतं, मालक भलताच असतो. जीएसटी नंबर असेल तर सोपं: १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. पण लॅबच्या बिलावर हा नंबर बहुधा नसतोच, तपासणीच्या सेवेला जीएसटी माफ आहे. मग बिलाच्या तळाची बारीक अक्षरं बघायची, यूपीआयने पैसे दिले असतील तर पावतीवर कुणाच्या नावाने गेले ते बघायचं, ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असेल तर कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत पत्ता. ताईंच्या फायलीत यूपीआयच्या पावतीनेच मालकाचं नाव दिलं. रिपोर्टचं सॉफ्टवेअर पुण्याच्या एका कंपनीचं होतं, तिलाही दोन नंबरचा सामनेवाला केलं. नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

पत्र आरपीएडीने, म्हणजे पोच असलेल्या रजिस्टर पोस्टाने पाठवा म्हणायची सवय आहे, पण १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय. जीपीओत आता स्पीड पोस्ट घ्यायचं, वर नोंदणी आणि पोच यांची वेगळी सेवा मागायची. तीच मजकुराची प्रत ईमेलनेही. लॅबच्या तक्रार अधिकाऱ्याला २०११ च्या नियमांप्रमाणे एक महिना असतो. एवढ्यात दोनपैकी एक उत्तर येतं. एक, ‘तुमच्या माहितीची सुरक्षा ही आमची सर्वोच्च प्राथमिकता आहे’, ज्यात एकाही प्रश्नाचं उत्तर नसतं. ते जपून ठेवा, मौन हाही पुरावाच. दुसरं जास्त गोड असतं: वर्षभराच्या तपासण्या मोफत, फक्त या लिंकवर ‘मान्य’ दाबा. दाबण्याआधी खालच्या अटी वाचा. त्यात ‘यापुढे कोणताही दावा उरणार नाही’ असं एक वाक्य झोपलेलं असतं.

मध्येच कुणाचा फोन आला की ‘डेटा लीक झालेल्यांना सरकार भरपाई देतंय, प्रोसेसिंग फी भरा’, तर सरळ फोन ठेवा. असा कुठलाही निधी नाही.

दार कुठलं निवडायचं हे पैशांच्या हिशोबावर ठरतं. आधी मागणी मांडू. गेले ६८,४००, परत आले २१,०००, म्हणजे निव्वळ ४७,४००. परत आलेले वजा न करता लिहिलं तर पहिल्याच तारखेला तोंडघशी पडाल. टपाल, झेरॉक्स, प्रवास, तज्ज्ञाची फी यांच्या पावत्या ३,१५०. मानसिक त्रास ५०,०००. दाव्याचा खर्च १०,०००. एकूण १,१०,५५०.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली दावा ऐकतो तो अ‍ॅडज्युडिकेटिंग ऑफिसर, म्हणजे राज्याचा माहिती तंत्रज्ञान सचिव, मंत्रालयात. पाच कोटींपर्यंतचे दावे त्याच्याकडे. २००३ च्या नियमांसोबत जोडलेल्या नमुन्यात साध्या कागदावर अर्ज करायचा, फी डिमांड ड्राफ्टने. दहा हजारांपर्यंत दहा टक्के. पन्नास हजारांपर्यंत १,००० अधिक दहा हजारांवरच्या रकमेचे पाच टक्के. एक लाखापर्यंत ३,००० अधिक पन्नास हजारांवरचे चार टक्के. त्यापुढे ५,००० अधिक लाखावरचे दोन टक्के. शंभरच्या पटीत वर चढवायचं आणि अर्जाचे ५० रुपये निराळे. आपल्या मागणीला लाखावरचे १०,५५०, त्याचे दोन टक्के २११, म्हणजे ५,२११ चे ५,३०० आणि वर ५०. ड्राफ्ट शंभराने कमी निघाला म्हणून अर्ज परत येऊ शकतो, तेव्हा हे गणित काउंटरवर जाण्याआधी दोनदा करा.

ग्राहक आयोगात हीच फी शून्य. तिथे आयोगाची हद्द आणि फी ठरते ती तुम्ही सेवेसाठी मोजलेल्या पैशांवरून, मागणीवरून नाही. लॅबला दिले १,८००, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. शिवाय २०१९ च्या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते, म्हणजे कंपनी बंगळुरूची असली आणि तिच्या अटींमध्ये ‘फक्त बंगळुरूचं न्यायालय’ लिहिलेलं असलं तरी नाशिकच्या माणसाने नाशिकलाच लावायची. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला उघड करणं हे कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नाव घेऊन लिहिलंय. मुदत दोन वर्षं. अडचण एकच: पैसे मोजून सेवा घेतलेली हवी. फुकटच्या अ‍ॅपमधून माहिती फुटली तर तुम्ही ‘ग्राहक’ ठरत नाही, मग मंत्रालयाचंच दार.

आमचं मत विचाराल तर रक्कम लाख-दोन लाखांची आणि बिल हातात असेल तर ग्राहक आयोग. सगळा पुरावा समोरच्याच्या सर्व्हरमध्ये दडलेला आणि रक्कम मोठी असेल तर मंत्रालय, कारण तिथल्या अधिकाऱ्याला कागदपत्रं हजर करवून घेण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत आणि तांत्रिक बोलणं त्याला नव्याने समजवावं लागत नाही. तिथला आदेश पाळला नाही तर वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते, आणि तहसीलदाराची नोटीस म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. नियमांत सहा महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात धीर धरावा लागतो. तारखेला पंचवटी एक्स्प्रेस पकडून गेलात तर मंत्रालयाच्या प्रवेशासाठी ‘डिजिप्रवेश’ अ‍ॅपवर आदल्या दिवशीच नोंदणी करा. दारात उभं राहून ओटीपीची वाट बघण्यात सुनावणी निघून जाते. एकाच नुकसानीसाठी दोन्हीकडे दावा मात्र लावू नका.

ताईंची तक्रार ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून भरली, मराठीतच. तक्रार, प्रतिज्ञापत्र, कागदांची यादी, कागद, ६३(४) चं प्रमाणपत्र, सगळ्याला सलग पृष्ठक्रमांक. त्रुटी निघतात त्या फार बारीक असतात. यादीतला क्रमांक कागदावर नाही, स्कॅन तिरका, प्रतिज्ञापत्राच्या एका पानावर सही राहिली. सीबीएसजवळ जिल्हा न्यायालयाबाहेर टायपिस्ट प्रतिज्ञापत्रासाठी ५०० चा मुद्रांक घ्यायला लावतात. न्यायालयात किंवा सरकारी कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. मुद्रांक आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापले जातात म्हणून ते विकत घेतलेच पाहिजेत असं काही नाही.

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरायचं असतं. नोटीस लागल्यावर सामनेवाल्याला लेखी जबाबासाठी ३० दिवस, फार तर अजून १५. पंचेचाळिसावा दिवस उलटला की जबाब घेता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्येच तसं सांगितलंय. म्हणून नोटीस कुठल्या तारखेला मिळाली त्याचा पोस्टाचा ट्रॅकिंगचा कागद त्याच आठवड्यात छापून ठेवा, काही महिन्यांनी संकेतस्थळावर तो सापडत नाही.

लॅबच्या जबाबात तीन मुद्दे होते. ओटीपी तिने दिला. माहिती आमच्याकडून गेली याला पुरावा नाही. आमच्याकडे मानांकन आहे. तिसऱ्याचं उत्तर सोपं होतं. जोडलेलं प्रमाणपत्र आयएसओ १५१८९ चं, म्हणजे तपासणीच्या दर्जाचं. माहितीच्या सुरक्षेसाठी २०११ च्या नियमांनी नाव घेतलंय ते आयएसओ २७००१ चं, वर्षातून एकदा ऑडिटसह. ते मागितल्यावर शांतता. दुसऱ्याला ते चुकलेलं आडनाव आणि चोपन्न वय पुरलं. बिल, रिपोर्ट आणि रेकॉर्डिंगचं शब्दांकन एकाखाली एक ठेवून लाल पेनने तीन गोल केले होते. पहिला मुद्दा खरोखर वजनदार होता, त्यावर उडवाउडवी केली नाही. २०१३ मध्ये राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे पुण्याच्या एका कंपनीचं प्रकरण आलं होतं. फसव्या ईमेलला कंपनीनेच प्रतिसाद दिला होता, ८०.१० लाख गेले होते, तरी बँकेला ४५ लाख द्यायला लावले. ग्राहकाच्या चुकीने रक्कम कमी होते, दावा संपत नाही. रिपोर्टमधला आकडा ऐकल्यावर कुणीही लॅबचाच माणूस समजेल, ओटीपी दिला गेला तो त्या विश्वासावर. तो आकडा बाहेर गेलाच नसता तर फोनच झाला नसता.

याच टप्प्यावर आयोगाने मध्यस्थीला पाठवलं, दोघांच्या संमतीने. मध्यस्थीत जाताना खालची रेघ घरी ठरवून जा. ताईंची ठरली होती ५०,५५०, म्हणजे गेलेले पैसे आणि पावत्या. त्यावर मिळेल ते त्रासाचं. दोन बैठकांत ७०,००० वर मिटलं, ५०,००० लॅबचे आणि २०,००० सॉफ्टवेअर कंपनीचे. तडजोडीच्या मसुद्यात लॅबच्या वकिलाने ‘सद्भावनेपोटी’ हा शब्द घातला, तो राहू दिला. त्याने रक्कम कमी होत नव्हती. ‘तक्रारदार याबाबत कुठेही तक्रार करणार नाही’ हे मात्र खोडलं, कारण पोलिसांतली फिर्याद तडजोडीने बांधून घ्यायची नव्हती. त्याऐवजी एक ओळ आपण घातली: रिपोर्टची लिंक ३० दिवसांत ओटीपीशिवाय उघडणार नाही अशी व्यवस्था करावी.

चेक हातात आला की लगेच पुरसिस मागतात, म्हणजे ‘पैसे मिळाले, तक्रार नाही’ अशी सही. सही चेक वटल्यावर करायची, आधी नाही. लॅबचा चेक तिसऱ्या दिवशी वटला. कंपनीचा सहीत तफावत म्हणून परत आला, मग त्यांनी एनईएफटी केली आणि पुरसिस पुढच्या तारखेला गेली. त्या दिवशी आयोगाबाहेरच्या बाकावर ताईंनी तो जुना एसएमएस उघडून लिंकवर बोट ठेवलं. पानावर मोबाइल नंबर आणि ओटीपी मागणाऱ्या दोन रिकाम्या चौकटी आल्या.